पदरचं वाक्य

कोपरी, ठाणे पूर्व
१४ एप्रिल २०२५

दीप्ती,

जय भीम. आशीर्वाद मुद्दाम लिहीत नाही. तू ते घेणार नाहीस आणि मला उगाच वाईट वाटेल.

तुझ्या फोनमधून मला हद्दपार करून तीन वर्षं झाली. म्हणून हा जुना मार्ग काढलाय. मी कागदावर लिहिणार आणि तुझी आई त्याचे फोटो काढून तुला पाठवणार. ती म्हणाली, "मी पोस्टमन होईन, वकील होणार नाही." मी मान्य केलं. मायाशी वाद घालून या घरात आजवर कोणी जिंकलेलं नाही.

आज जयंती. सकाळी विहारात वंदना झाल्यावर समितीच्या कांताताईंनी माइकवरून जाहीर केलं, की आपल्या वस्तीतली पहिली मुलगी परदेशातून डॉक्टर होऊन जूनमध्ये येतेय आणि बावीस तारखेला तिचा सत्कार आहे. "आपल्या रशियनकाकांची मुलगी!" असं त्या म्हणाल्या. काय टाळ्या पडल्या! इथल्या परवान्याची परीक्षा अजून बाकी आहे हे मला माहीत आहे, पण ते मी माइकवर थोडंच सांगणार होतो? मी हात जोडून उभा राहिलो आणि मान खाली घालायची विसरलो. आई म्हणाली, "एवढं फुगू नका, सदऱ्याची बटणं तुटतील."

फुगणारच. दगडू हमालाचा मुलगा मी. वागळे इस्टेटमधल्या ज्या कंपनीत आबा पेट्या उचलायचे, त्याच कंपनीत बाविसाव्या वर्षी मी दुभाषा म्हणून खुर्चीवर बसलो. यंत्रं सोव्हिएतची, इंजिनियर सोव्हिएतचे आणि त्यांचं बोलणं साहेबांना सांगणारा अख्ख्या कंपनीत मी एकटा. संध्याकाळचे वर्ग करून रशियन शिकलो तेव्हा शेजारी हसायचे. पुढे त्यांनीच मला रशियनकाका म्हणायला सुरुवात केली. कोपरीत आजही जगात काही खुट्ट झालं की माणसं मला विचारायला येतात.

पण दुपारी आईनं सांगितलं, की तू ठाण्यात येणार ती कळव्याला मामाकडे उतरणार. सत्कार कोपरीत आणि मुक्काम कळव्यात? लोक काय म्हणतील, याचा तरी विचार कर. घर तुझं आहे.

पप्पा


२१ एप्रिल

दीप्ती,

आईनं तुझं उत्तर वाचून दाखवलं. एक ओळ. "पप्पांनी विठ्ठलकाकांना खरं सांगितलं की मी कोपरीला येईन."

तीन वर्षांनी बापाला एक ओळ, आणि तीसुद्धा अटीची! माझ्यावर गेली आहेस, दुसरं काय.

मला वाटत होतं तुझा राग त्या फोनचा आहे. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं होतं आणि खारकिवच्या मेट्रो स्टेशनात तू चौथा दिवस काढत होतीस. वर बॉम्ब पडत होते. तू म्हणालीस, "पप्पा, सहा टक्केच चार्जिंग आहे, पटकन सांगा, आम्ही पश्चिमेला निघू की थांबू?" आणि मी पटकन सांगायचं सोडून कीव्हच्या राजांपासून सुरुवात केली. नवव्या शतकात एकच घर होतं, मग भाऊ वेगळे झाले, मग झार आले, म्हणून हे सगळं आजचं नाही, हे समजून घे, असं काहीतरी. मी पीटर द ग्रेटपर्यंत पोचलो आणि तुझा फोन बंद पडला. त्याची लाज मला आहे. मी ते कोणाजवळ बोललो नाही, पण आहे.

विठ्ठलरावांचं म्हणशील तर त्यांना काय खरं सांगायचं? सरकारी निवेदन मी मूळ रशियनमधून वाचलं होतं. सराव संपला, तुकड्या तळावर परत चालल्या आहेत, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. टीव्हीवरचे लोक तर्क करत होते, मी मूळ वाचत होतो. अमेरिका म्हणते युद्ध होणार, रशिया म्हणतो नाही होणार, तर ज्याची भाषा मी चाळीस वर्षं जपली त्याच्यावरच मी विश्वास ठेवणार ना? त्या निवेदनानंतर तुझं बावीस फेब्रुवारीचं तिकीट रद्द झालं. चोवीसला युद्ध सुरू झालं. चूक झाली, पण चांगल्या हेतूनं झाली.

विठ्ठलरावांच्या पायलचं मला वाईट वाटतं. तुझी खोलीतली मैत्रीण, आपल्या घरी दोन दिवाळ्या जेवलेली पोर. खारकिवमधून बाहेर पडताना तुम्ही बर्फातून मैलोन् मैल चाललात, तिचे बूट ओले झाले आणि डाव्या पायाची दोन बोटं गेली. तिचं शिक्षणही सुटलं. पण बर्फ काही मी पाडला नव्हता.

पप्पा

ता. क. आईनं हे पत्र पाठवायला चार दिवस लावले. म्हणाली, "शेवटचं वाक्य खोडा." मी खोडलं नाही. तुला मी कसा आहे ते दिसू दे.


४ मे

दीप्ती,

खारकिव सुटल्यावर तू उरलेलं शिक्षण जॉर्जियात केलंस, तिथल्या तुझ्या तिबिलिसीच्या घरमालकीणबाईंचं आईनं सांगितलं. त्यांना रशियन उत्तम येतं, शाळेत शिकल्यात, पण तू रशियनमध्ये विचारलंस की त्या जॉर्जियनमध्येच उत्तर देतात. २००८ मध्ये त्यांच्या माहेरच्या गावाजवळ रशियन रणगाडे आले होते. तू राहायला गेल्यावर सहा महिन्यांनी तुला ताप आला तेव्हा मात्र त्या पहिल्यांदा रशियनमध्ये बोलल्या, "सूप पी आणि झोप." तू आईला म्हणालीस, "पप्पांना सांग, रशियन येणाऱ्याचं अर्ध्या जगात अडत नाही हे खरं आहे. पण त्या अर्ध्या जगाला ते कसं आलं, ते पप्पांनी कधी सांगितलं नाही."

हे मला लागलं.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. खारकिवलाच तुला का पाठवलं, हे विचारलंस तेव्हा मी म्हणालो होतो, तिथं माझे एक रशियन मित्र होते. पंच्याऐंशी साली आमच्याकडे कंप्रेसर बसवायला एक इंजिनियर आले होते. उंच, अबोल, आपला मिरचीचा ठेचा भाकरीबरोबर खाणारा एकमेव गोरा माणूस. कागदावर नाव निकोलाय. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, "वेलकम अवर रशियन फ्रेंड." मी ते सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना सांगा, मी रशियन नाही. मी युक्रेनचा, खारकिवचा. आणि घरी मला आमच्या भाषेत मिकोला म्हणतात."

मी साहेबांना काय सांगितलं असेल? "ते म्हणतात, भारतात येऊन फार आनंद झाला."

साहेबांना कुठे कळणार होता हा फरक, असं मला वाटलं. मलाही तो फरक कळून घ्यायचा नव्हता. माझ्या मनात एक मोठा, सुंदर, एकसंध देश होता, ज्यानं मला हमालाच्या खोलीतून खुर्चीवर आणून बसवलं होतं. त्याला कोणी चीर पाडलेली मला चालणार नव्हती. मिकोलांना इंग्रजी थोडं समजायचं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. पुढचे आठ महिने मी त्यांना निकोलाय म्हणत राहिलो आणि ते ओ देत राहिले.

आता आबांचं ऐक. हे मी तुला अभिमानानं शंभर वेळा सांगितलंय, आज वेगळ्या कारणासाठी सांगतो. दीक्षा घेतल्यावर आबांनी हजेरीपुस्तकात 'बौद्ध' लिहायला सांगितलं. टाइमकीपर म्हणाला, "काय फरक पडतो दगडू, माणूस तोच ना?" आबा तीन दिवस गेटबाहेर उभे राहिले. म्हणाले, "मी कोण ते मी सांगेन. तू फक्त लिहायचं." चौथ्या दिवशी त्यानं लिहिलं.

त्या आबांचा मुलगा मी, आणि माझ्यासमोर एका माणसानं हेच सांगितलं तर मी टाइमकीपर झालो. चाळीस वर्षं मला हे दिसलं नाही. आपल्या घरातल्या माणसाकडून तरी ही चूक व्हायला नको होती.

पप्पा


१२ मे, बुद्धपौर्णिमा

दीप्ती,

आज विहारात पंचशील घेताना चौथ्या शीलाला माझा आवाज बसला. मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार नाही. शेजारच्यांना वाटलं सर्दी झाली.

आधीच्या एका पत्रात 'तिकीट रद्द झालं' असं लिहिलंय. ते आपोआप झालं नाही. मी केलं. तू फोनवर रडून सांगत होतीस, "पप्पा, मला यायचंय, इथली माणसं दुकानातून पीठ-मीठ भरून ठेवतायत." मी म्हणालो, "तुला कळतं की मला?" आणि तिकीट मीच काढलेलं असल्यामुळे घरी बसून एका बटणावर ते रद्द करून टाकलं.

आणि त्याच संध्याकाळी विठ्ठलरावांचा फोन आला. "भाऊ, दीप्ती येतेय का? ती येत असेल तर पायललाबी काढतो तिच्यासंगं. माझा काय, तुमच्यावर भरवसा आहे." तेव्हा मी सरळ म्हणायला हवं होतं, की दीप्तीला यायचंय पण मी तिला अडवलंय. पण माझी पोर घाबरली, हे मला दुसऱ्याला सांगवेना. रशियनकाकाची मुलगी आणि रशियाला घाबरते?

मी म्हणालो, "दीप्ती म्हणते, मी राहणार. परीक्षा जवळ आली आहे, घाबरण्यासारखं काही नाही, असं म्हणते ती."

दुभाष्याच्या कामाचा एकच नियम असतो. पदरचं काही घालायचं नाही. समोरचा 'मी' म्हणाला तर आपणही 'मी' म्हणायचं, आणि तो जेवढं बोलला तेवढंच बोलायचं. सवयीनं माझा आवाज असा लागतो की ऐकणाऱ्याला वाटतं, तोच माणूस बोलतोय. विठ्ठलरावांना तू बोलताना ऐकू आलीस. त्यांनी पायलला थांबवलं.

ती परत आली तेव्हा हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर त्यांनी तुझ्याबद्दल जे उद्गार काढले, ते मी ऐकले. "त्या पोरीच्या नादानं माझी पोर अधू झाली," म्हणाले. मी शेजारी उभा होतो. गप्प राहिलो. तू नंतर विचारलंस, "पप्पा, तुम्ही सांगितलं ना त्यांना?" मी म्हणालो, "वेळ बघून सांगतो."

ती वेळ बघण्यात तीन वर्षं गेली. येत्या रविवारी डोंबिवलीला जातो.

पप्पा


१८ मे

दीप्ती,

गेलो होतो. सांगितलं नाही.

तुला हसू येईल किंवा राग येईल, दोन्ही बरोबर आहे. मी बसतो न बसतो तोच विठ्ठलराव म्हणाले, "भाऊ, बरं झालं आलात, ते इस्तंबूलला बोलणी झाली म्हणतात, पुढं काय होनार?" आणि मी बोलायला लागलो! क्रिमिया, काळा समुद्र, पोलंड, फिनलंड, सगळं. विठ्ठलरावांनी त्यांच्या लेथ कारखान्यातले दोन कामगारही ऐकायला बोलावले. तास-दीड तास गेला. वहिनींनी कांदेपोहे दिले. पायल आतून आली, एका पायात जाड तळाचा वेगळा बूट घालून. ती आता एका लॅबमध्ये रक्त तपासायला जाते. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "काका, पोहे थंड होतायत."

निघताना विठ्ठलराव म्हणाले, "तुमची मुलगी येतेय म्हणे. सत्काराला आम्ही नाही येनार, राग मानू नका." मी म्हणालो, "छे, छे."

घरी आल्यावर आईनं दारातच विचारलं आणि तोंड बघून समजली. म्हणाली, "जगाचा इतिहास येतो, घरचा येत नाही." पोस्टमन राहायचं कबूल केलं होतं तिनं, पण हे मी मुकाट ऐकून घेतलं.

पप्पा


२५ मे

दीप्ती,

सांगितलं.

या वेळी खुर्चीवर बसलोच नाही. दारात उभ्यानंच म्हणालो, "विठ्ठलराव, दीप्तीला यायचं होतं. तिकीट मी रद्द केलं. ती म्हणते राहणार, असं मी तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं. ती तसं बोललीच नव्हती. पायलच्या पायाला मी जबाबदार आहे, दीप्ती नाही."

मला वाटलं होतं ते ओरडतील. ते हळूच म्हणाले, "परत बोला." मी परत बोललो. मग ते उठले आणि ओरडले. "चार शब्द होते ते! चार शब्द! तीन वर्षं माझ्या घरात त्या पोरीचं नाव काढायची बंदी केली मी, आनि तुम्ही इथंच बसून पोहे खाल्लेत?" वहिनी रडायला लागल्या. मी उभा राहिलो.

तेवढ्यात पायल म्हणाली, "पप्पा, मला माहीत होतं."

ते आणि मी, दोघंही तिच्याकडे बघायला लागलो. ती म्हणाली, "मेट्रोमध्येच दीप्तीनं सांगितलेलं मला. आणि शपथ घातलेली, की तुम्हाला नाही सांगायचं. म्हणाली, माझ्या पप्पांना लोकं विचारायला येतात ना, त्यांच्यासाठी तेच सगळं आहे. त्यांनी स्वतः सांगितलं तर सांगू दे, तू नको बोलूस."

मग तिनं अजून बरंच सांगितलं, जे तू आम्हाला कधी बोलली नाहीस. स्टेशनात आपल्याकडची दीडशे मुलं होती आणि कोणालाच तिथली भाषा धड येत नव्हती. तू फलाटावर उभी राहून प्रत्येकाचं बोलणं स्टेशनच्या बाईंना सांगत होतीस आणि त्यांचं मुलांना. कोणाची औषधं, कोणाचं पाणी, कोणाचा पासपोर्ट वर खोलीत राहिलेला. त्या बाई रशियनच बोलत होत्या, त्यांच्या घरावर बॉम्ब टाकणाऱ्यांचीच भाषा, आणि एकदा रडत म्हणाल्या, "आता ही भाषा माझ्या तोंडाला कडू लागते." तू ते मुलांना जसंच्या तसं सांगितलंस. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. आणि पायलचे पाय तू आपल्या पोटाशी धरून बसली होतीस, सबंध आगगाडीच्या प्रवासात. "तिच्यामुळं दोनच बोटं गेली काका, डॉक्टर म्हणाले पाय गेला असता," असं ती म्हणाली.

दीप्ती, मी बाविसाव्या वर्षी खुर्चीवर बसलो म्हणून आयुष्यभर छाती काढून चाललो. तू विसाव्या-एकविसाव्या वर्षी जमिनीखाली फलाटावर उभी राहून हे काम केलंस, भुकेली, आणि तुझ्या बापापेक्षा चांगलं केलंस. मला माझा कधी एवढा अभिमान वाटला नव्हता जेवढा तिथं दारात, दुसऱ्याच्या शिव्या खात असताना तुझा वाटला. हे मी विठ्ठलरावांसमोर बोललो नाही, ती जागा नव्हती. ते म्हणाले, "निघा तुम्ही." मी निघालो.

पप्पा


१५ जून

दीप्ती,

विमानाची वेळ आईनं सांगितली, शुक्रवारी दुपारी. तू मामाकडे जाणार की इकडे येणार ते मी तिला विचारलेलं नाही.

कांताताईंना मी जाऊन सगळं सांगितलं, म्हणजे बाविसाला माइकवर कोणी 'निडरपणे युद्धभूमीत राहिली' वगैरे बोलणार नाही. त्या चष्म्यातून बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मग काय बोलायचं तेवढं लिहून द्या." मी म्हणालो, तिलाच विचारा. वस्तीत थोडी कुजबुज आहे. काल जिन्यात दोघं मला बघून बोलायचे थांबले. असू दे. 'रशियनकाका' अशी हाक दोन दिवस ऐकली नाही, पण कामं होतायत, किराणा मिळतो.

आज सकाळी विठ्ठलराव आले. एकटे. पायल वरच्या मजल्यापर्यंत चढू शकते, पण त्यांनी तिला मुद्दाम आणलं नव्हतं. पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हाला मी माफबिफ केलेलं नाही." मी म्हणालो, "बरोबर आहे." मग आपल्या हातांकडे बघू लागले. लेथवर काम करून त्यांची नखं कायमची काळी झालीत.

म्हणाले, "विमानतळावर शुक्रवारी मी जानार आहे. पायलला घेऊन. तुमच्या आधी मला भेटायचंय तिला. हॉस्पिटलच्या पायरीवर मी काय काय बोललोय त्या पोरीला, माझं मलाच ऐकवत नाही आता." मग म्हणाले, "पन भाऊ, मला असलं बोलता येत नाही. तोंडच उघडत नाही. तुम्ही शब्दवाले. तुम्ही लिहा ना तिला माझ्या वतीनं, की विठ्ठलकाका असं असं म्हनतात."

मी म्हणालो, "नाही."

त्यांना वाटलं मी सूड उगवतोय. आईसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी त्यांना सांगितलं, "अडखळलात तरी चालेल. तिला थांबता येतं. पण तुमचं तुम्हीच बोला, मी मध्ये येणार नाही."

म्हणून त्यांना काय म्हणायचंय ते या पत्रात नाही. शुक्रवारी बाहेर आलीस की डाव्या बाजूला बघ, ते पांढरा सदरा घालून येणार आहेत, वहिनींनी इस्त्रीला दिलाय. त्यांचं सगळं ऐकून घे. मी घरी आहे.

पप्पा